जठराची वाट अडते तेव्हा



‘चिरफाड नाही, टाके नाहीत, दोन दिवसांत घरी’ अशा पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. पित्ताशयातले खडे किंवा अपेंडिक्स असेल तर त्या पाटीत फारसे खोटे नसते. आज मला बोलायचे आहे ते मात्र अशा एका आजाराबद्दल, ज्यात ही पाटी अर्धेच सांगते. अल्सर वर्षानुवर्षे राहिला की जठराचे खालचे तोंड आवळून जाते, अन्न पुढे सरकत नाही आणि माणूस भरल्या पोटी उपाशी राहतो. अशा रुग्णावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते आणि तिचा लाभ त्याला खरोखर होतो. किंबहुना इतर अनेकांपेक्षा जास्त होतो. पण तो लाभ पोटावरची छिद्रे लहान आहेत एवढ्यामुळे पदरात पडत नाही. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात तो कमवावा लागतो, आणि आत काय कापले व कशाला काय जोडले यावर तो टिकतो. हे म्हणणे मी आज पुराव्यानिशी मांडणार आहे.

आधी आजार पाहू. जठर खाली निमुळते होत ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाला मिळते. त्या सांध्यावर पायलोरस नावाचे स्नायूंचे कडे असते. अल्सर या कड्यात किंवा त्याच्या लगेच पुढे झाला, की तीन गोष्टींनी वाट अरुंद होते. ताज्या अल्सरभोवती सूज येते, स्नायू आखडतात, आणि अल्सर पुन्हापुन्हा भरून-उघडून तिथे कठीण वण तयार होतो. पहिल्या दोन गोष्टी औषधांनी उतरतात. वण उतरत नाही. पुढचा सगळा निर्णय या फरकावर उभा आहे, म्हणून तो आरंभीच नोंदवून ठेवतो.

रुग्णाची हकीकत बहुधा ठरलेली असते. कित्येक वर्षे पोटात आग, रात्री दुखून जाग, काहीतरी खाल्ले की बरे वाटणे. मग दुखणे मागे पडते आणि पोट गच्च राहू लागते. संध्याकाळी मोठी उलटी होते, तिच्यात काल दुपारची मटकी ओळखू येते आणि पित्ताचा पिवळा-हिरवा रंग मुळीच नसतो. उलटीनंतर इतके हलके वाटते की काही जण स्वतःच घशात बोटे घालू लागतात. असा माणूस उताणा झोपलेला असताना बाजूने उजेड पाडून पोटाकडे नीट पाहिले, तर डाव्या बरगड्यांखालून एक फुगवटा उठतो आणि सावकाश उजवीकडे सरकत जाऊन विरतो. पुन्हा उठतो, पुन्हा तिथेच विरतो. जठर बंद दारावर धडका देत असते. जेवून चार-पाच तास झाल्यावर पोटावर स्टेथोस्कोप ठेवून रुग्णाला कमरेशी धरून हलवले की आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो. ही तपासणी फुकट आहे, आणि ती न केल्यामुळे कितीतरी रुग्ण महिनोन् महिने उलटी थांबवण्याच्या गोळ्यांवर राहतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वाटेतल्या अडथळ्यापेक्षा जास्त धोका असतो तो रक्तात. जठरातला रस म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. रोजच्या उलटीतून आम्ल आणि क्लोराइड वाहून जाते आणि रक्त अल्कधर्मी होत जाते. शरीर कोरडे पडल्यामुळे मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवायला धडपडतात आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम सोडतात. पोटॅशियमही संपत आले, की ती चक्क आम्ल बाहेर टाकू लागतात. रक्त अल्कधर्मी आणि लघवी मात्र आम्लधर्मी, अशी विचित्र अवस्था येते. या टप्प्यावर रुग्णाचे स्नायू दुबळे, हृदयाचे ठोके बेभरवशाचे आणि श्वास उथळ झालेला असतो. अशा माणसाला भूल देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे. मग पोट वीतभर उघडा नाहीतर चार छिद्रे पाडा.

आता पहिला आक्षेप. अल्सर तर गोळ्यांनी बरा होतो, मग या शस्त्रक्रियेची चर्चा आज कशाला? हा प्रश्न विचारण्याची सोय झाली ती एका शतकाच्या झगड्यातून. अल्सरने आवळलेला जठराचा भाग कापून रुग्ण जगवण्याचा पहिला प्रयोग लुडविक रिडिगर यांनी नोव्हेंबर १८८१ मध्ये, आज पोलंडमध्ये असलेल्या खेउम्नो या गावी केला. त्यांचा लेख छापताना संपादकाने तळटीप टाकली, की अल्सरसाठीचे हे पहिले ऑपरेशन शेवटचेही ठरो. ते शेवटचे ठरले नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात सर्जन बिलरोथ यांच्या विभागात अँटन व्होल्फलर यांनी अडलेली जागा तशीच ठेवून लहान आतड्याचा पुढचा वेढा थेट जठराला जोडला. कर्करोगाच्या रुग्णासाठी शोधलेली ही बगलवाट पुढे अल्सरच्या रुग्णांसाठी जगभर वापरली गेली. आपल्या देशात तिचे मोठे केंद्र होते दक्षिण त्रावणकोरातले नेय्यूर. १९२२ आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांत चढलेले थिओडोर हॉवर्ड सॉमरव्हेल तिथल्या मिशन रुग्णालयात सर्जन होते. दक्षिणेत ड्युओडेनमचा अल्सर इतका बोकाळलेला होता, की बाहेरून आलेल्या माणसाला ते अविश्वसनीय वाटावे. भात खाणाऱ्या दक्षिणेत हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेपेक्षा जास्त का, यावर पुढे म्हैसूरला काम केलेल्या फ्रँक टोव्ही यांनी आयुष्यभर अभ्यास केला.

मग औषधे आली. १९७६ मध्ये सिमेटिडीन बाजारात आले, १९८८ मध्ये ओमेप्राझोल. मधल्या काळात पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिले की बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. २००५ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी जो आजार मुळापासून जातो, त्यासाठी पोट उघडण्याचे कारण उरले नाही. एकेकाळी जनरल सर्जनच्या यादीत रोज असणारे ऑपरेशन पाहता पाहता दुर्मिळ झाले. आक्षेप घेणाऱ्यांचे इथपर्यंत बरोबर आहे. पण औषध अल्सर भरून काढते, जुना वण विरघळवत नाही. जो उशिरा आला त्याच्यासाठी १९७६ आणि २००५ ही साले येऊन गेल्यासारखीच नाहीत. आणि उशिरा येणारे संपलेले नाहीत. गुडघा, कंबर, डोके दुखले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची पट्टी आणायची, रिकाम्या पोटी घ्यायची, महिनोन् महिने घ्यायची, ही सवय शेतमजुरापासून निवृत्त शिक्षकापर्यंत सगळ्यांना आहे. या गोळ्यांनीही अल्सर होतो; जोडीला तंबाखू. जंतूची तपासणी कुणी केलेली नसते; आग वाढली की पित्ताची गोळी आणि आग कमी झाली की गोळी बंद.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तोंडातून एन्डोस्कोप घालून फुगा फुगवला आणि अरुंद जागा रुंद केली, तर पोटाला हात तरी का लावायचा? माझे उत्तर असे, की पहिला हक्क फुग्याचाच आहे. ज्यांच्यात जंतू सापडतो आणि औषधाने त्याचा नायनाट होतो, त्यांच्यात फुग्याने मिळालेली वाट पुष्कळदा उघडी राहते. जंतू नसलेल्यांत ती पुन्हा आवळण्याचा धोका जास्त, असे हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही दिसले. वेदनाशामक गोळ्या खरोखर सुटल्या तर त्या गटातल्यांनाही गुण येतो. पण फुग्याला मर्यादा आहेत. तो साधारण १५ मिलिमीटरपलीकडे फुगवू लागले की जागा फाटण्याची भीती वाढत जाते. वण लांब असेल, वाकडातिकडा असेल, तर फुग्याला वाट दाखवणारी तार पलीकडे जातच नाही. आणि दोनदा-तीनदा फुगवूनही उलट्या परत आल्या, तर चौथ्यांदा फुगवणे हा उपचार राहत नाही, चालढकल होते. या चालढकलीत रुग्णाचे आणखी वजन उतरते आणि जे ऑपरेशन तीन महिन्यांपूर्वी सोपे होते ते आता जोखमीचे होते. शस्त्रक्रिया टाळण्याचे श्रेय आपण डॉक्टरला लगेच देतो. वेळेवर सांगितलेल्या शस्त्रक्रियेचे श्रेय मात्र कुणी मोजत नाही.

याच टप्प्यावर एक सावधगिरी अपरिहार्य आहे. जठराचे तोंड अडलेल्या प्रौढ रुग्णांत आज कर्करोगाचा वाटा मोठा आहे. पाश्चात्त्य देशांत तर निम्म्याहून अधिक. पूर्वी अल्सर होता म्हणून आजचा अडथळाही अल्सरचाच, हे गृहीत धरता येत नाही. जठर धुऊन स्वच्छ करून एन्डोस्कोपी, अनेक जागच्या तुकड्यांची तपासणी, ते निर्दोष निघूनही शंका राहिली तर पुन्हा तुकडे आणि सीटी स्कॅन, एवढे झाल्याशिवाय बगलवाटेचे ऑपरेशन करू नये. आपल्याकडे क्षयरोग आणि संडास धुण्याचे आम्ल पिऊन झालेला दाह हीसुद्धा कारणे असतात आणि त्यांचा इलाज वेगळा.

निदान पक्के झाले की तयारी. माझ्या मते या आजारातले निम्मे यश तयारीतच आहे. नाकातून जाड नळी घालून जठर रिकामे करायचे आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचे, एकदा नव्हे, रोज. शिरेतून ०.९ टक्क्यांचे साधे सलाइन द्यायचे, कारण हरवले आहे ते क्लोराइड. लघवी नीट सुरू झाली की पोटॅशियम. नुसते ग्लुकोज चढवणे इथे दुहेरी चूक आहे. त्यात क्लोराइड नाही, आणि महिनोन् महिने उलट्या झालेल्या माणसात ब१ जीवनसत्त्व संपलेले असते. ते आधी न देता ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. क्लोराइड, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट मर्यादेत यायला काही दिवस जातात. तेवढ्यात आम्ल कमी करणाऱ्या इंजेक्शनने सूजही उतरते, आणि काही रुग्णांची वाट तेवढ्यानेच मोकळी होते. त्यांचे ऑपरेशन टळते. हाडांचा सापळा झालेल्यांना अरुंद जागेपलीकडे बारीक नळी घालून किंवा शिरेतून आठवडाभर तरी पोषण द्यावे लागते, आणि तेही हळूहळू वाढवत, नाहीतर क्षार पुन्हा कोसळतात. नातेवाइकांना हे दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात. ‘दुर्बिणीचे आहे ना, मग उद्याच करा’ हा आग्रह मला समजतो, पण मान्य नाही.

आता खुद्द शस्त्रक्रिया. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये पित्ताशय दुर्बिणीतून काढले, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी त्यांची टर उडवली. रिडिगरांच्या संपादकाची जात लवकर मरत नाही. भारतात हे तंत्र आणले मुंबईच्या डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी. १९७२ पासून ते निदानासाठी पोटात दुर्बीण घालत होते आणि १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. पुढच्याच काही वर्षांत सर्जन जठराला आम्ल सोडायला लावणारा व्हेगस मज्जातंतू दुर्बिणीतून कापू लागले आणि जठर-आतडे जोडू लागले. सिंगापूरमध्ये पीटर गोह यांनी १९९२ मध्ये जठराचा भागही याच मार्गाने काढला. म्हणजे तंत्र आता तीस वर्षांहून जुने आहे, नवलाईचे राहिलेले नाही.

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ५ ते १२ मिलिमीटरची चार-पाच छिद्रे घेतात. आधी अन्ननलिका छातीतून पोटात उतरते त्या जागी व्हेगसच्या दोन्ही शाखा शोधतात. पुढची शाखा अन्ननलिकेला चिकटून असल्याने सापडते. मागची अन्ननलिका आणि महाधमनी यांच्या मधल्या सैल जागेत असते आणि तिची एखादी वरची फांदी हुकली, तर आम्ल चालूच राहते. कॅमेऱ्यात ही खोल, अंधारी जागा कितीतरी पट मोठी आणि लख्ख दिसते. वीतभर छेदातून वाकून पाहणाऱ्या सर्जनला ती इतकी स्वच्छ क्वचितच दिसत असे. हा दुर्बिणीचा पहिला खरा लाभ आणि तो टाक्यांच्या संख्येत मोजला जात नाही. मग लहान आतड्याचा वरचा वेढा उचलून जठराच्या सर्वांत खालच्या भागाशी आणतात, स्टेपलरने दोघांना जोडून पाच-सहा सेंटिमीटरची वाट करतात आणि स्टेपलर घातलेले भोक आतल्या आत टाके घालून बंद करतात. पायलोरसच रुंद का करत नाहीत? कारण तिथला भाग वणाने लाकडासारखा झालेला असतो आणि तिथे घातलेला टाका धरत नाही.

दुसरा लाभ जखमेचा. पोटाच्या वरच्या भागातला मोठा छेद श्वास घेताना दुखतो. रुग्ण खोकत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. ज्याच्या रक्तात प्रथिने नाहीत त्याची जखम पिकते, उसवते, पुढे हर्निया होतो. हे सगळे धोके कुपोषित माणसात सर्वाधिक, आणि आपला रुग्ण नेमका कुपोषितच असतो. म्हणून मी सुरुवातीला म्हटले की याला लाभ इतरांपेक्षा जास्त.

यावर तिसरा आक्षेप येतो: पुरावा कुठे? आक्षेप रास्त आहे. अल्सरच्या अडथळ्यासाठी खुली विरुद्ध दुर्बिणीची अशी मोठी, चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना झालेली नाही, आणि आजार इतका विरळ झाल्यावर ती होणे कठीण आहे. उपलब्ध आहेत त्या एकेका रुग्णालयाच्या मालिका. त्यांत खुले ऑपरेशन झालेल्यांपेक्षा वेदना कमी, घरी लवकर, पण ऑपरेशनला वेळ जास्त, असे चित्र दिसते. कर्करोगाच्या अडथळ्यासाठी केलेल्या याच जोडणीची २४ रुग्णांची एक छोटी तुलना २००६ मध्ये इटलीतून प्रसिद्ध झाली. तिच्यात दुर्बिणीच्या गटात रक्त कमी गेले आणि खाणे लवकर सुरू झाले. अल्सर फुटल्यावर शिवण्याच्या ऑपरेशनातही दुर्बिणीच्या बाजूने वेदनेचा हिशेब चांगला निघाला आहे. हा शेजारचा पुरावा आहे, घरचा नव्हे. तो दुर्बिणीला परवानगी देतो. दुर्बीण नसेल तिथे खुले ऑपरेशन करणाऱ्याला दोषी ठरवत नाही. अल्सर पूर्वी फुटून आतडी चिकटलेली असतील, जठराची भिंत सुजून स्टेपलरच्या जबड्यात मावत नसेल, तर पोट उघडणे हीच हुशारी. ‘दुर्बीण फसली’ असे नातेवाइकांनी म्हणायचे कारण नाही.

खर्चाचा मुद्दा उरतो. स्टेपलर आणि त्याची काडतुसे महाग आहेत हे खरे. पण ज्याचा हात आतल्या टाक्यांवर बसला आहे तो स्टेपलरशिवायही जोडणी करू शकतो, वेळ तेवढा वाढतो. उलट बाजूला रोजंदारी ठेवून पाहा. मोठ्या छेदानंतर दोन-तीन महिने ओझे उचलता येत नाही, हमालाचे किंवा ऊसतोड मजुराचे घर तेवढ्यात कर्जात जाते. दुर्बीण श्रीमंतांची चैन आहे हा समज उदवाडियांनी याच हिशेबाने आयुष्यभर खोडून काढला. मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्या तुटवड्याची. ऑपरेशन दुर्मिळ झाल्यामुळे व्हेगस कापताना पाहिलेलेच नाही असे सर्जन तयार होत आहेत. दुर्बीण हाती आहे, आतला नकाशा नाही. म्हणून हे रुग्ण गावोगावी न विखुरता, जिथे जठराची दुर्बिणीतली कामे नेहमी होतात अशा वैद्यकीय महाविद्यालयांकडे किंवा मोठ्या रुग्णालयांकडे पाठवणे शहाणपणाचे. घाई नसतेच, तयारीचे दिवस तसेही लागणार आहेत.

आणि व्हेगस कापायचाच का, हाही वाद आहे. आता पित्ताची गोळी आहे, मग नुसती वाट जोडून गोळी चालू ठेवली तर? इतिहास इथे बोलका आहे. नुसत्या जोडणीनंतर नव्या तोंडाशीच अल्सर होतो, असे न्यूयॉर्कच्या रिचर्ड ल्युइसोहन यांनी १९२५ मध्ये दाखवले होते. त्यांच्या रुग्णांत प्रमाण एक तृतीयांश होते. त्या काळी गोळी नव्हती हे मान्य. जंतू गेला, वेदनाशामके सुटली आणि रुग्ण रोज गोळी घेईल याची खात्री असेल, तर व्हेगस राखणे मी चूक म्हणणार नाही, कारण तो कापल्याने काहींना जुलाब लागतात आणि जेवणानंतर घेरी येते. पण ज्याने आग थांबताच गोळी बंद करून स्वतःला इथवर आणले, त्याच्या आयुष्यभराच्या शिस्तीवर जोडणी सोपवणे मला धोक्याचे वाटते. त्याचा व्हेगस कापावा.

ऑपरेशन छान झाले तरी चौथ्या दिवशी जेवण सुरू होईलच असे नाही. महिनोन् महिने ताणलेले जठर उसवलेल्या इलास्टिकसारखे सैल पडलेले असते आणि व्हेगस कापला असेल तर आणखी सुस्त. काहींना नव्या वाटेतून अन्न उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. छिद्रांचा आकार इथे काहीच मदत करत नाही. नळी, सलाइन आणि धीर एवढाच उपाय. दुसऱ्या ऑपरेशनची घाई करू नये. पुढे वर्षानुवर्षे लोह आणि ब१२ कमी पडू शकते, म्हणून अधूनमधून रक्त तपासावे. आणि रुग्णालयातून मिळणाऱ्या कार्डावर नुसते ‘लॅपरोस्कोपी केली’ असे लिहून भागत नाही. व्हेगस कापला की नाही, कापला असल्यास मज्जातंतूच्या तुकड्यांचा अहवाल काय, आतड्याचा वेढा कसा जोडला, जंतूची तपासणी केव्हा झाली आणि उपचारानंतर तो गेल्याची खात्री कुणी केली, कोणत्या वेदनाशामक गोळ्या आता कधीच घ्यायच्या नाहीत, हे सगळे मराठीत, रुग्णाला आणि गावच्या डॉक्टरला वाचता येईल अशा अक्षरात त्यावर असायला हवे. दहा वर्षांनी तोच माणूस पोटात दुखते म्हणून दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात जाईल, तेव्हा समोरच्या डॉक्टरला पोटावरच्या चार बारीक खुणांवरून यातले काहीच कळणार नाही.